तिसरीच्या वर्गात कविता कशी घ्यावी? कवितांची पुस्तकं मुलांच्या हाती कशी द्यावीत?

तुम्ही लिहिलंय, की यंदाच तिसरीचा वर्ग मिळालाय, कविता घेतली की सगळी मुलं एका सुरात ओरडतात, अर्थ विचारला की माना खाली. शिवाय कपाटात कवितांची पाच-सहा पुस्तकं पडून आहेत, त्यांचं काय करायचं तेही कळत नाही. मी घणसोलीत मराठी माध्यमाच्या शाळेत चौदा वर्षं पहिली ते चौथीला शिकवते आहे. तुमचा प्रश्न वाचून माझी पहिली दोन वर्षंच आठवली.

तेव्हा मी कविता घ्यायची म्हणजे आधी फळ्यावर कठीण शब्द लिहायची. मग त्यांचे अर्थ, मग चाल लावून दोनदा म्हणणं, मग स्वाध्याय. म्हणजे कविता मुलांच्या कानावर पडायच्या आधीच तिचे तुकडे फळ्यावर मांडलेले असायचे. आता मी क्रम उलटा केलाय. पहिल्या दिवशी पुस्तक बंद, फळा कोरा. मी कविता नुसती म्हणते. चाल लावत नाही, साध्या बोलण्याच्या लयीत, एकदा सावकाश आणि एकदा जरा ठसक्यात. कोणताही प्रश्न विचारत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणते, पण यमकाचा शब्द आला की थांबते आणि वर्गाकडे बघते. तिसऱ्या दिवशी निम्मी कविता मुलंच म्हणत असतात, आणि पुस्तक उघडलं की ओळखीचं माणूस भेटल्यासारखी त्या ओळींवर बोटं ठेवतात. पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय चुकत नाहीच, तो करावाच लागतो. पण तो चौथ्या दिवशी.

ओरडण्याचं म्हणाल, तर मुलांना दुसरं काही माहीतच नसतं म्हणून ती ओरडतात. एक रांग कुजबुजत म्हणेल, दुसरी झोपलेल्या बाळाजवळ बसल्यासारखी, तिसरी लोकलच्या गर्दीत हाक मारल्यासारखी, असं वाटून द्या. कुजबुजणाऱ्या रांगेला शब्द नीट उच्चारावेच लागतात, नाहीतर ऐकूच येत नाहीत. कोणती ओळ हळू म्हणावी यावर मुलं आपापसांत भांडायला लागली की समजा, अर्थाची चर्चा सुरू झाली.

गेल्या पावसाळ्यातला एक तास सांगते. मीच जुळवलेल्या तीन ओळी म्हटल्या आणि चौथी मुलांवर सोडली:

आला पाऊस दारात
माझी चप्पल पाण्यात
आई म्हणते थांब रे

बरीच उत्तरं आली. कुणाचं यमक जुळेना, कुणाची ओळ लांबली. मग खिडकीजवळ बसणारी, एरवी हजेरीलासुद्धा जेमतेम 'हजर' म्हणणारी मुलगी म्हणाली, "चप्पल गेली लांब रे." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी सांगितलं, आता प्रत्येक ओळीत किती अक्षरं आहेत ते टाळीने मोजा. एक मुलगा पहिली ओळ पुन्हा पुन्हा मोजत होता. म्हणाला, "बाई, तुम्ही आठ म्हणता, माझ्या हाताला सहाच आल्या." त्याचं बरोबरच होतं. आपण बोलताना 'पाऊस' म्हणतो तेव्हा पा आणि ऊस अशा दोनच टाळ्या पडतात, 'दारात'लाही दोनच. कागदावर मात्र प्रत्येकी तीन अक्षरं. मी त्याला म्हटलं, आता आजी जात्यावर म्हणते तशी ओढून म्हण. त्याने म्हटलं, शेवटचा 'स' आणि शेवटचा 'त' मोकळे झाले, आणि आठ टाळ्या पडल्या. अष्टाक्षरी हा शब्द मी त्या दिवशी उच्चारलाही नाही, पण प्रत्येक ओळीत आठ अक्षरं बसवायचा खेळ पुढे महिनाभर चालला. जोडाक्षर एकच मोजायचं, हा नियम मुलांनी 'चप्पल' शब्दावर स्वतःच शोधला.

त्या मुलाला आजीचं उदाहरण मी उगीच दिलं नाही. आमच्या वर्गात गावठाणातली आगरी मुलं आहेत, आणि वाशीच्या बाजारात माथाडी काम करणाऱ्या सातारा-जुन्नरकडच्या घरांतली मुलंही आहेत. मी गृहपाठ देते: घरातल्या मोठ्या बाईमाणसाला विचारून एक ओवी, उखाणा किंवा कोडं आणा, लिहून नाही, पाठ करून. साताऱ्याच्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या येतात. आगरी घरातून एकदा धवला आला, कारण त्या मुलीची आजी लग्नात धवले म्हणणारी धवलारीण होती. मी आजींना वर्गात बोलावलं. त्या खुर्चीवर बसेनात, मुलांबरोबर सतरंजीवर बसल्या आणि हळद लावतानाचा धवला म्हटला. बोली आगरी, अर्ध्या वर्गाला निम्मे शब्द कळले नाहीत, पण एकही मूल हललं नाही. मराठीतली आद्य कवयित्री महदंबा, तिच्या तेराव्या शतकातल्या रचनेचं नावही 'धवळे'च आहे, आणि तीही लग्नाचीच गाणी. म्हणजे आपल्या वर्गातल्या एका मुलीच्या घरात सातशे वर्षांहून जुना गाण्याचा प्रकार रोजच्या बोलीत जिवंत आहे. त्या दिवसानंतर ती मुलगी वर्गात आगरी बोलायला लाजली नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. घरची बोली शाळेत येते तेव्हा कवितेचं बोट धरून सगळ्यात सहज येते.

आता पुस्तकांचं. आधी ती कपाटातून बाहेर काढा. मी खिडकीच्या गजांना सुतळी बांधली आहे आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगली आहेत, मुखपृष्ठ समोर. मधल्या सुट्टीत ज्याला हवं त्याने काढावं. पानं फाटतात. चिकटपट्टीची दोन रिळं टेबलावर असतात आणि फाडणाराच चिकटवतो. त्यावर ओरडायचं नाही, एवढं पाळा, नाहीतर मुलं पुस्तकाला हात लावणार नाहीत.

अडखळत वाचणाऱ्या मुलाला गोष्टीच्या पुस्तकाआधी कवितेचं पुस्तक द्या, हे मी अनुभवाने सांगते. ओळ लहान असते, पानावर मोकळी जागा असते, आणि यमकामुळे पुढचा शब्द त्याला आधीच कानात ऐकू येतो, मग डोळा त्याची खात्री करून घेतो. चौथीत एक मुलगा अक्षर अक्षर जोडून वाचायचा. दोन ओळींचा परिच्छेद संपेपर्यंत पहिला शब्द विसरलेला असायचा. त्याने विंदा करंदीकरांचं 'राणीची बाग' उचललं, कारण आमची सहल भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन आली होती. ते पुस्तक नऊ दिवस त्याच्या दप्तरात होतं. दहाव्या दिवशी त्याने बहिणीच्या बालवाडीत जाऊन दोन कविता वाचून दाखवल्या. काही ओळी पाठ झालेल्या होत्या, काही खरंच वाचत होता, आणि कुठे काय हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लोक म्हणतील, ही घोकंपट्टी झाली. मला तसं वाटत नाही. पाठ झालेली ओळ डोळ्यासमोर छापलेली दिसते तेव्हाच अक्षर आणि आवाज यांची गाठ पक्की बसते.

एक वही ठेवा, प्रत्येकाची वेगळी. आवडल्या तेवढ्याच ओळी उतरवायच्या, पूर्ण कवितेची सक्ती नाही. ती वही मी तपासत नाही, लाल पेन लावत नाही. शुद्धलेखनाला दुसऱ्या वह्या आहेत.

नवीन कवितांसाठी खर्च फार नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यातल्या कविता मी मोठ्या अक्षरात कार्डशीटवर लिहून लावते. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं, मी तिथली सभासद आहे. महिन्यातून एका शनिवारी जाते आणि चार-पाच कविता वहीत उतरवून आणते. निवडताना एकच बघते, की मला ती मोठ्याने म्हणावीशी वाटते का. उपदेश करणाऱ्या कविता मी बाजूला ठेवते. झाडं लावा, खोटं बोलू नका, हे सांगायला परिपाठ आहे.

या सगळ्याला रोज दहा मिनिटं लागतात, मधली सुट्टी संपल्यावरची, जेव्हा मुलं घामेजलेली असतात आणि गणित कुणाच्याच डोक्यात शिरत नाही.

तुमच्या कपाटात कोणती पुस्तकं आहेत आणि मुलं घरी कोणती बोली बोलतात ते खाली कळवा. त्यावरून सुरुवात कुठल्या कवितेने करावी ते सांगता येईल.