खोडलेला शब्द

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम.

काल दिलेला तुझा फॉर्म रात्री पुन्हा काढून पाहिला. ‘पुढे काय करायचे आहे’ या रकान्यात तू आधी ‘जनुकशास्त्रात संशोधन’ लिहिलंस, मग ते खोडलंस आणि वर बारीक अक्षरात लिहिलंस, ‘शाळेत शिक्षिका, जमल्यास’. शिकवणं कमी दर्जाचं नाही, मी आयुष्यभर तेच करतेय. पण तुझं मन त्यात नाही, हे त्या ‘जमल्यास’नेच सांगितलं.

एक विचारते. घरचे नाही म्हणाले, की त्यांना विचारण्याआधी तूच त्यांच्या वतीने नाही म्हणून टाकलंस? मी हेच केलं होतं. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ची जागा चालून आली, आणि ते पत्र मी घरी दाखवलंच नाही. अब्बा कशाला पाठवतील, असं धरून चालले. कितीतरी वर्षांनी ते पत्र पेटीत त्यांच्या हाती लागलं. घडी उलगडून त्यांनी सावकाश वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘मला का नाही सांगितलंस?’ त्याचं उत्तर मी आजही देऊ शकलेले नाही.

दीनाचं, म्हणजे धर्माचं, नाव पुढे करून कुणी अडवलं तर घाबरू नकोस, वाचून जा. कुरआनच्या सूरह निसाच्या 32व्या आयतीत पुरुषांना त्यांच्या कमाईचा वाटा आहे, तसाच स्त्रियांनाही त्यांच्या कमाईचा. घरखर्चाचा भार, म्हणजे नफका, फिक्हने (इस्लामी कायदेशास्त्राने) नवऱ्यावर ठेवला. बायकोची कमाई तिची स्वतःची. पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजा यांचा व्यापारी माल शामपर्यंत, म्हणजे सीरियाकडे, जात होता, हे तर तू लहानपणापासून ऐकतेस.

त्याच नफक्याच्या ओझ्याखाली मुलगेही वाकतात बरं. तुझ्या ओळखीच्या एकाला इतिहास शिकायचा होता, तो हिशेबतपासनीस व्हायला निघालाय. ‘घर तुझ्यावर आहे’ हे तो कळायला लागल्यापासून ऐकत आलाय. तुला घरात ‘कशाला?’ विचारतात, त्याला ‘किती मिळतील?’ त्याच्याशीही बोलत जा.

पदवी हातात आली की सुटलो, असं समजू नकोस. जॉर्डनमध्ये विद्यापीठात मुलांपेक्षा मुली जास्त, तरी कामधंद्यात उतरणाऱ्या बायका साधारण सातांत एक. गळती पदवीनंतर होते. जाण्यायेण्याची सोय नसते, मूल सांभाळायला कुणी नसतं, आणि लग्न ठरताना नोकरीचा विषय कुणी काढलेलाच नसतो. म्हणून घरी नुसतं ‘मला शिकू द्या’ म्हणू नकोस. प्रयोगशाळा कुठे, सुटते किती वाजता, मार्गदर्शक कोण, शिष्यवृत्ती किती, राहायचं कुठे, हे कागदावर मांडून ने. आईवडलांना पुष्कळदा तुझ्या शिकण्याची भीती नसते, अंधारात पाठवण्याची असते.

आणि निकाहची बोलणी निघतील तेव्हा शिक्षण-नोकरीची अट निकाहनाम्यात लिहून घेण्याचा विषय तूच काढ. अशा अटींना सगळ्या फिक्ह-परंपरा सारखं वजन देत नाहीत, त्यांतली हनबली परंपरा बरंच देते. त्यामुळे तिथला कायदा जाणणाऱ्या वकिलाला आधी विचार. तोंडी ‘हो हो, करू देऊ की’ यावर विसंबू नकोस. त्या विसंबण्यापायी माझ्या दोन हुशार विद्यार्थिनी घरी बसल्या.

नवा कोरा फॉर्म सोबत ठेवलाय. मंगळवारी भरून आण. शिफारसपत्र मी लिहून ठेवलंय, त्यात ‘जनुकशास्त्रात संशोधन’ हेच शब्द आहेत.

तुझी,
मॅडम