पॉलिमर क्लेचा पारिजातक सारखा तुटतो, काय करू?

प्रश्न : ताई, मी पॉलिमर क्लेचे पारिजातकाचे कानातले बनवते. दिसतात छान, पण दोन-चारदा घातले की पाकळी तुटते. घरच्या ओटीजीत (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) ११० डिग्रीवर १५ मिनिटं भाजते. क्लेच खराब आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : क्लेला दोष नको देऊस गं, कच्चं राहतंय ते. नाव क्ले असलं तरी यात माती नसते, पीव्हीसीचे बारीक कण असतात आणि त्यांना मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर असतं, उष्णतेने ते सगळं एकजीव झालं तरच ताकद येते, वरून कडक लागलं म्हणजे भाजलं गेलं असं नाही. तापमान पाकिटावर असेल तेच धरायचं, फिमो कंपनीच्या क्लेला ११०, स्कल्पी प्रीमोच्या क्लेला साधारण १३५, आणि वेळ किमान ३० मिनिटं. पाकळी पातळ आहे म्हणून वेळ कापायचा नाही, मी तर अर्ध्या तासाच्या आत ट्रे बाहेर काढतच नाही.

आणि ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नकोस, आकडा एक आणि आतली उष्णता भलतीच, असं हमखास होतं. ओव्हन थर्मामीटर घे आणि ट्रेजवळच ठेव. मायक्रोवेव्ह तर नकोच. पांढरा रंग वरच्या कॉइलच्या धगीने पिवळट पडतो, त्यासाठी वरून अॅल्युमिनियम फॉइल सैलसर झाकायची. जळून धूर झाला तर ताबडतोब बंद करून खिडक्या उघड, तो धूर डोळ्यांना नि घशाला फार त्रास देतो. भाजताना सोबत त्याच क्लेची एक पातळ पट्टी ठेवत जा, गार झाल्यावर ती वाकवून बघ, लवली तर काम झालं, कट्कन मोडली तर अजून भाजायला हवं. आधीचे जे कानातले धड आहेत ते टाकू नकोस, पुन्हा भाजता येतात.

आता फुलाबद्दल, कारण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. पाच गोल पाकळ्या आणि मधे केशरी ठिपका एवढं केलं की ते कुठलंही फूल होतं, पारिजातक होत नाही. सकाळी झाडाखालचं एक फूल उचलून हातात धरून नीट बघ, पाकळ्या पाचच असतील असं नाही, सहा, सात, आठसुद्धा असतात, प्रत्येकीच्या टोकाला खाच असते आणि सगळ्या भिंगरीसारख्या एकाच बाजूला वळलेल्या असतात. तो पीळ आला की लांबूनही ओळखू येतं. पाकळ्या बुडाशी एकमेकींवर थोड्या चढव आणि खालून केशरी देठ चांगला दाबून जोड, त्याने मजबुतीही येते.

प्रश्न : पिंपळाचं पान क्लेवर दाबते पण शिरा उमटतच नाहीत.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पानाची मागची बाजू क्लेवर ठेवा, शिरा तिकडे उठून आलेल्या असतात. कोवळं लालसर पान नको, जून घ्या, पुसून कोरडं करा, वरून लाटणं एकदाच फिरवा (पोळ्यांचं नाही, क्लेसाठी वेगळं ठेवा). छोट्या कानातल्यांना पुदिन्याचं पान फार सुंदर उमटतं. भाजून गार झालं की तपकिरी अॅक्रेलिक रंग चोळायचा आणि लगेच ओल्या कपड्याने पुसायचा, रंग फक्त शिरांमध्ये राहतो आणि पान एकदम जिवंत दिसायला लागतं.

प्रश्न : उन्हाळ्यात क्ले इतकी चिकट होते की आकारच धरत नाही.
— एक वाचक, जळगाव

उत्तर : तुमच्याकडच्या मे महिन्यात पहाटेच बसा. क्ले घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, उन्हात किंवा बंद गाडीत राहिली तर ती आतल्या आत थोडी पिकते आणि मग मळताना भुगा होतो. फारच मऊ असेल तर पातळ लाटून दोन साध्या कागदांमध्ये तासभर दाबून ठेवा, जास्तीचं प्लास्टिसायझर कागद शोषून घेतो.