रेडिओ लहरींनी समुद्राच्या पाण्यातले तेल वेगळे होते का, आणि ते तपासायचे कसे?

तुमचा प्रश्न असा आहे की, तुमच्या परिचयाचे एक गृहस्थ रेडिओ लहरींनी तेलकट समुद्राचे पाणी स्वच्छ करणारे यंत्र बनवीत आहेत, त्यांनी दाखविलेल्या चित्रफितीत खारे पाणी चक्क पेटते, तर यात पैसे घालण्यापूर्वी कोणती चाचणी मागावी. तेलशुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे तेल आणि पाणी यांची इमल्शने, म्हणजे एकात दुसऱ्याचे बारीक थेंब अडकलेली मिश्रणे, फोडण्याचेच काम केले असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला मनापासून द्यावेसे वाटते.

आधी त्या ज्योतीविषयी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ईरी शहराचे जॉन कान्झियस हे नभोवाणी क्षेत्रातले तंत्रज्ञ होते. स्वतःला रक्ताचा कर्करोग झाल्यावर त्यांनी रेडिओ लहरींनी कर्करोगाच्या पेशी तापवून मारण्याचे यंत्र रचले, आणि 2007 साली त्याच यंत्रासमोर धरलेल्या मिठाच्या पाण्यातून निघणारा वायू पेटतो, असे त्यांच्या लक्षात आले. रांचीत जन्मलेले पदार्थवैज्ञानिक रुस्तम रॉय यांनी हा प्रयोग पुढे पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात करून पाहिला आणि पाणी खरोखर जळताना दिसते, याला दुजोरा दिला. तेव्हा ज्योत खरी आहे, यात वाद नाही. मात्र पाण्यातून हायड्रोजन सुटा करायला जितकी ऊर्जा लागते, त्याहून अधिक ऊर्जा तो हायड्रोजन पुन्हा जाळून कधीच मिळत नाही, आणि रेडिओ लहरी तयार करतानाच विजेचा मोठा वाटा वाया जातो. शिवाय त्या ज्योतीवरून पाण्यातल्या तेलाचे काय झाले, हे काहीच कळत नाही. म्हणून चित्रफीत बाजूला ठेवून विचार करावा.

कान्झियस यांच्या यंत्राची वारंवारता 13.56 मेगाहर्ट्झ होती. उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांसाठी जगभर राखून ठेवलेली ही वारंवारता आहे. आपण कार्ड यंत्राला टेकवून पैसे देतो तेव्हाही हीच वापरली जाते. समुद्राचे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे या वारंवारतेची लहर त्यात फार खोल शिरत नाही. सुमारे 6 सेंटिमीटर खोलीवर तिचे विद्युत क्षेत्र 37 टक्क्यांवर येते. उलट खनिज तेल या लहरींना जवळजवळ पारदर्शक असते, म्हणजे पाण्यावर तवंग पसरलेला असेल तर लहर त्यातून सरळ पार जाते आणि खालचे पाणी तापवत बसते. आता हिशेब करून पाहा. एक हेक्टर समुद्राचा वरचा 6 सेंटिमीटर थर म्हणजे 600 घनमीटर पाणी झाले, आणि ते 10 अंशांनी तापवायला, यंत्रातली गळती न धरताही, साडेसहा हजारांहून अधिक युनिट वीज लागेल. उघड्या समुद्रावर हे यंत्र चालवण्याची कल्पना मला इथेच संपलेली दिसते.

तरीही सगळी कल्पनाच टाकून द्यावी, असे मी म्हणणार नाही. विद्युत क्षेत्राने इमल्शन फोडणे ही जुनी आणि पक्की विद्या आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांनी कच्च्या तेलातले पाणी उच्च दाबाच्या विजेने काढण्याचे पेटंट 1911 साली मिळवले, आणि आजही शुद्धीकरण कारखान्यांतले डिसॉल्टर, म्हणजे कच्च्या तेलातले खारे पाणी काढणारी यंत्रे, त्याच तत्त्वावर चालतात. तिथे अट एकच असते : तेल बाहेर आणि पाण्याचे थेंब आत, अशी रचना हवी. मग क्षेत्र तेलातून थेंबांपर्यंत पोचते, आणि थेंब एकमेकांकडे ओढले जाऊन मोठे होतात. रेडिओ लहरी वापरल्या तर खाऱ्या पाण्याचे थेंब तापतात, त्यांच्याभोवतीचे तेल पातळ होते आणि थेंब खाली बसू लागतात. रचना उलटी असेल, म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब असतील, तर सगळी ऊर्जा पाणीच खाऊन टाकते.

समुद्रात सांडलेले तेल लाटांनी घुसळून निघते तेव्हा तेलात पाण्याचे थेंब अडकलेला तपकिरी, घट्ट लगदा तयार होतो, आणि त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असू शकते. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि एमव्ही खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, सुमारे 800 टन तेल सांडले आणि ते खाडीतल्या तिवरांपर्यंत पोचले. ऐन पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात असा लगदा व्हायला वेळ लागत नाही. तो गोळा करून पिंपांत भरला की त्यातले पाणी काढायचे कसे, हा खरा आणि खर्चिक प्रश्न असतो, आणि या यंत्राची चाचणी मी तिथेच घेईन.

आता चाचणी. एकाच पिंपातल्या लगद्याचे दोन सारखे नमुने घ्यायला सांगा. एक रेडिओ लहरींसमोर ठेवावा आणि दुसरा साध्या गरम पाण्याच्या टाकीत, तितक्याच वेळात तितक्याच तापमानाला न्यावा. या दुसऱ्या नमुन्याशिवाय कोणताही निष्कर्ष मानू नका, कारण उष्णतेने इमल्शन एरवीही सुटते. काही वर्षांपूर्वी मी दोन विद्यार्थ्यांबरोबर असा प्रयोग केला होता. पहिल्या दिवशी तापमान झपाट्याने चढताना पाहून आम्ही हरखलो. पण रेडिओ लहरींचे जनित्र बंद करताच आकडा क्षणात खाली आला, कारण धातूची तापमापक तारच लहरी पकडून चुकीचे तापमान दाखवत होती. पुढे काचतंतूचा तापमापक लावला. तेव्हा मापपात्राच्या तळाशी स्वच्छ पाण्याची रेघ लहरींच्या नमुन्यात आधी दिसू लागली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मापपात्रांतले पाणी जवळजवळ सारखेच भरले. वेग वाढला होता, एकूण सुटलेले पाणी वाढले नव्हते. वेगालाही किंमत असते, पण ती प्रति लिटर विजेच्या युनिटांत मोजून दाखवायला हवी.

दुसरी मागणी वस्तुमानाच्या ताळेबंदाची, म्हणजे आत घातलेले सगळे तेल शेवटी कुठे गेले याच्या हिशेबाची करा. तापलेल्या तेलातून बेन्झीन आणि टोल्युइनसारखे हलके घटक उडून जातात, आणि मग पाण्यातले तेल कमी झाल्याचा आकडा छान दिसतो, पण ते तेल हवेत गेलेले असते. म्हणून पात्र बंद हवे, वाफ थंड करून पकडायला हवी, आणि आधीचे व नंतरचे तेल वायू वर्णलेखनाने (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) तपासायला हवे. तिसरी गोष्ट क्लोरीनची. खाऱ्या पाण्याला इलेक्ट्रोड लागले किंवा ठिणगी पडली की त्यात क्लोरीन आणि ब्रोमीनची संयुगे तयार होऊ शकतात, आणि असे पाणी दिसायला नितळ असले तरी समुद्रातल्या जिवांना घातक ठरू शकते. सोडण्याचे पाणी आर्टेमियासारख्या बारीक जिवांवर तपासल्याचा अहवाल मागा.

तुमच्या परिचितांना कळकळीने सांगा की, हा प्रयोग घरच्या मायक्रोवेव्हमध्ये करू नये. तेलाची वाफ आणि ठिणगी एकत्र आली की स्फोट होऊ शकतो. जनित्राभोवती धातूचा बंद पिंजरा असावा, नाही तर आसपासच्या रेडिओ संपर्कात अडथळा येईल. हे सगळे पाहून ते एका पिंपावर दोन नमुन्यांची चाचणी द्यायला तयार असतील, तर त्या चाचणीपुरते पैसे द्या, आणि गरम पाण्याच्या टाकीचा नमुना तुमच्या समोर भरून घ्या.