अमेरिकेचे ‘राष्ट्रपती’ की ‘अध्यक्ष’?

प्रश्न असा आला आहे: बातम्यांत कधी ‘अमेरिकेचे राष्ट्रपती’ म्हणतात, कधी ‘राष्ट्राध्यक्ष’. यातलं बरोबर कोणतं?

दोन्ही नकोत. सरळ ‘अमेरिकेचे अध्यक्ष’ म्हणावं. परवाच एका वाहिनीवर निवेदिका ‘राष्ट्राध्यक्ष’ म्हणत होती आणि खाली सरकणाऱ्या पट्टीवर ‘राष्ट्रपती द्वारा घोषणा’ असं लिहिलेलं. त्या ‘द्वारा’वरूनच कळलं की मजकूर हिंदीतून उचललाय. हिंदीत ती रूढी आहे, तिथे ती चालू दे. मराठीत राष्ट्रपती म्हटलं की दिल्लीतलं राष्ट्रपती भवन डोळ्यांपुढे येतं.

परिभाषेचे काही जाणकार ‘राष्ट्राध्यक्ष’ हा नेमका शब्द असल्याचं सांगतात. नेमका कसा? अमेरिकेत राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख आणि सरसेनापती एकच माणूस असतो. त्यातलं एकच पद नावात आणायचं आणि त्याला नेमकेपणा म्हणायचं, हे मला साफ अमान्य आहे.

आता ‘पती’. ‘पाति इति पतिः’, रक्षण करतो तो पती, ही व्युत्पत्ती सगळेच देतात आणि तिथेच थांबतात. थांबू नये! संस्कृत ‘पति’ आणि लॅटिन ‘पोटिस’ म्हणजे समर्थ, ही सख्खी भावंडं. त्याच पोटिसच्या कुळातून फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘पॉवर’ आला. ऋग्वेदात ‘दम’ म्हणजे घर आणि ‘दंपती’ म्हणजे घराचा धनी. अग्नीलाही तिथे हे विशेषण लागतं. ग्रीकमध्ये हाच जोडशब्द ‘देस्पोतेस’ झाला आणि त्याचा इंग्रजीत ‘डेस्पॉट’, म्हणजे जुलमी सत्ताधीश. लग्नपत्रिकेतले दंपती आणि डेस्पॉट एकाच घरातले निघाले!

कुणी म्हणेल, मग अमेरिकेच्या प्रमुखाला ‘पती’च शोभतं, खरी सत्ता त्याच्याच हाती. आपले राष्ट्रपती तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. पण हा वाद अमेरिकेत 1789 मध्येच घालून झालाय. उपाध्यक्ष जॉन अॅडम्स यांना भारदस्त बिरुद हवं होतं. प्रेसिडेंट काय, आग विझवणाऱ्या मंडळ्यांचे आणि क्रिकेट क्लबाचेही असतात, अशी त्यांची तक्रार. प्रतिनिधिगृहाने ती ऐकली नाही आणि साधा शब्द कायम राहिला. लॅटिनमध्ये ‘प्रे’ म्हणजे पुढे, ‘सेदेरे’ म्हणजे बसणे. हा सेदेरे आपल्या ‘सद्’ धातूचा भाऊ, सभासद, संसद, परिषद यांतला. प्रेसिडेंट म्हणजे पुढे बसणारा, एवढंच.

‘अध्यक्ष’ त्याहून सुंदर. अधि आणि अक्ष, वरून डोळा ठेवणारा. प्रत्यक्ष, परोक्ष यांच्या घरातला. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात, सृष्टी कुठून आली हे विचारणाऱ्या, परम व्योमातला म्हणजे उंच आकाशातला अध्यक्ष आहे, ज्याला सृष्टीचं मूळ ठाऊक असेल किंवा नसेलही. कौटिल्याकडचा अध्यक्ष मात्र पगारी अधिकारी: पौतवाध्यक्ष वजनं-मापं बघतो, सुराध्यक्ष दारूचं खातं. माझं ठाम मत आहे की अमेरिकी सत्तेचा सगळा इतिहास या दोन अध्यक्षांमध्ये झुलतो. 1861 मध्ये काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, अधिवेशन चालू नसताना लिंकन हेबिअस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागायचा हक्क, स्थगित करतात, 1950 मध्ये ट्रूमन युद्ध जाहीर न करता कोरियात सैन्य उतरवतात, ते व्योमातले अध्यक्ष. त्याच ट्रूमन यांनी 1952 मध्ये पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना रोखलं. तिथे कौटिल्य जिंकला. 1973 चा युद्धाधिकारांचा ठराव तर निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून झाला. सैन्य लढाईत घातलं की 48 तासांत काँग्रेसला लेखी कळवायचं. कौटिल्याच्या राज्यात खात्यांचे हिशेब आषाढात हजर करावे लागत.