चाळिशीनंतर गाल लाल होऊन पुटकुळ्या येतात. मेडिकलमधली ट्यूब लावली की बरं वाटतं. हा रोझेशिया असेल का? काय लावावं?

असू शकेल. रोझेशिया म्हणजे चेहऱ्यावर लाली, आग आणि पुटकुळ्या आणणारा त्वचेचा आजार. पण आधी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं एक जरी नाव दिसलं, तरी ते स्टिरॉइड आहे आणि दुखणं तिथूनच आलेलं असू शकतं.

माझं तेच झालं. नणंदेच्या लग्नाआधी मोठ्या जाऊबाईंनी वांगासाठी ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, म्हणून दीड वर्ष लावत राहिले. मग भाकऱ्या करायला उभी राहिले की गालांची आग व्हायची. नाकाच्या कडेला लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर पुवाच्या पुटकुळ्या. दोन दिवस ट्यूब थांबवली की तोंड सुजायचं, लावली की शांत. जाऊबाई म्हणायच्या, "बघ, बंद केलीस की बिघडतं. म्हणजे औषध लागू पडतंय." मलाही पटायचं.

सोलापूरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंगातून गाल बघितले. म्हणाल्या, "मुरमं असती तर काळी टोकं दिसली असती, इथे एकही नाही. लावता काय?" ट्यूब बंद, साबण बंद, रात्री मेट्रोनिडॅझोल जेल, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. पहिले तीन आठवडे आरशात बघवत नव्हतं. चौथ्या महिन्यात गालावर हात ठेवला तर गार लागला, तेव्हा रडले मी.

बंद केल्यावर उसळतं ते स्टिरॉइडमुळेच, जाऊबाई. त्वचेला त्याची सवय लागलेली असते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ट्यूब मागितली की मिळते. आणि "पित्त आहे, तिखट सोड" म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. ऊन, गरम चहा, तिखट, दारू यांनी लाली भडकते खरी, पण प्रत्येकाचं कारण वेगळं. मी तिखट खाते, चहा मात्र कोमट करून पिते.

ट्यूब न लावताही रोझेशिया होतो, आणि सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, नुसती आग जाणवते. जुनी ट्यूब मनाने एकदम तोडू नका, कशी सोडायची ते डॉक्टर सांगतील. दिवस गेले असतील तर डॉक्सिसायक्लिन चालत नाही. डोळे चुरचुरत असतील तर तेही दाखवा, रोझेशिया डोळ्यांतही उतरतो.

जाऊबाईंची मुलगी आता कॉलेजात आहे आणि तीच ट्यूब लावते. हे उत्तर मी तिला पाठवणार आहे.