समता आणि सामाजिक न्याय या विषयात एम. ए. करावं का? नोकरी मिळते का?

तुम्ही विचारलंय तीन गोष्टींबद्दल. कुठं करावं, नोकरी लागते का, आणि शेवटच्या ओळीत, "घरचे म्हणतात, हे तर आपण रोज जगतो, त्यात शिकायचं काय?" पहिल्या दोन गोष्टी कुणीही सांगेल. ही शेवटची ओळ मी माझ्या घरात जशीच्या तशी ऐकलीय, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर बीड जिल्ह्यातलं, बौद्ध, ऊसतोडीवर चाललेलं. दिवाळी झाली की आई आणि अण्णा बैलगाडी घेऊन कारखान्यावर जायचे. आम्ही भावंडं एखाद्या वर्षी त्यांच्याबरोबर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, एखाद्या वर्षी आजीकडं. २०१३ साली मुंबईत समाजकार्याच्या एम. ए.ला माझा नंबर लागला. दादा तेव्हा बी. एड. करून जागा निघायची वाट बघत होता. तो म्हणाला, "जात काय असती हे शिकायला मुंबईला जायचं? आपल्याला हितं कमी कळली का?" मला उत्तर सुचलं नाही. मनातून मलाही त्याचं पटत होतं.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाला मी उचलीचा विषय घेतला. उचल म्हणजे तोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे, ते कामातून फेडायचे. पहिल्याच आराखड्यात लिहिलं की अण्णांसारखी माणसं शिकलेली नाहीत म्हणून मुकादमाच्या देण्यातून सुटत नाहीत. घरात लहानपणापासून हेच ऐकलं होतं. अण्णा भोळे, अण्णांना हिशेब येत नाही, म्हणून दर हंगामाला बाकी अंगावर राहते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते वाचलं आणि दोनच गोष्टी विचारल्या: "कागद आहेत का?" आणि "यात आई कुठंय?"

कागद होते. अण्णांनी कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या बाजारच्या पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवल्या होत्या. का ठेवल्या, त्यांनाही सांगता येईना. मे महिन्याच्या उन्हात मी आणि आईनं त्या ओसरीवर तारखेप्रमाणं लावल्या. उंदरांनी कुरतडलेल्या सोडून दिल्या. मागच्या हंगामाची बेरीज आली २६२ टन. मुकादमाच्या वहीत अण्णांच्या नावावर होते २३१. मी तीनदा बेरीज केली. मग खाडे, म्हणजे कामावर न आल्याचे दिवस, काढले. वहीत चौदा. त्यातले पाच दिवस कारखानाच बंद होता. तीन दिवस आई तापानं दवाखान्यात होती, आणि खाडा जोडीचा धरतात, त्यामुळं अण्णा फडात कुणाच्या तरी जोडीला राबले तरी तो पडलाच. आई शेजारी बसून तारखा सांगत होती. कोणत्या दिवशी कोणत्या गावाच्या शिवारात तोड होती, बैल कधी लंगडला, सगळं तिच्या डोक्यात. आणि उचलीच्या कागदावर तिचं नाव नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पैसे जोडीला, काम दोघांचं, पहाटे उठून भाकरी तिच्या, आणि अंगठा फक्त अण्णांचा. मी कोपीत वाढले. बावीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता.

दादाला माझं एवढंच सांगणं आहे आणि तुमच्या घरच्यांनाही. आम्ही ते जगलो, अगदी अंगावर वळ उठेपर्यंत जगलो, आणि तरी आमची समजूत मुकादमाचीच होती. अण्णा भोळे, हे त्याचंच वाक्य. ते खोडायला मला दोन वर्षं, एक ग्रंथालय आणि खडसून प्रश्न विचारणारी एक बाई लागली.

अण्णा पावत्या घेऊन मुकादमाकडं गेले. ३१ टन त्यानं कबूल केले नाहीत. कारखाना बंद असलेल्या पाच दिवसांचे खाडे मात्र वजा केले. दादा म्हणाला, "एवढ्यासाठी दोन वर्षं?" हो, एवढ्यासाठी. पुढच्या हंगामापासून अण्णांनी वही घातली. अक्षर आईचं, ती चौथी शिकलेली.

आणि बाबासाहेबांचा फोटो ज्या घरात आहे त्या घरात तरी "त्यात शिकायचं काय?" हा प्रश्न विचारू नये. जात त्यांना साताऱ्याच्या शाळेतच कळली होती. तरी वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ९ मे १९१६ ला, कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात त्यांनी जात निर्माण कशी झाली आणि टिकते कशी यावर निबंध वाचला. जातीबाहेर लग्न न करण्याची चाल आणि तिच्यासाठी बायकांवर घातलेले निर्बंध, सतीपासून सक्तीच्या वैधव्यापर्यंत, हे त्यांनी मुळाशी धरलं. नुसतं भोगून हे सापडत नाही. आज कुणाला तोच विषय घेऊन केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर जायचं म्हटलं तर जाता येणार नाही. २०२२ च्या नियमांत भारताची संस्कृती, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळलेत. माझा यावर राग आहे आणि तो जाणार नाही. परदेशाचं मनात असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती बघा.

आता तुमचे दोन प्रश्न. मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्यात दलित आणि आदिवासी अभ्यासाची वेगळी एम. ए. आहे, प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. तुळजापूरलाही त्यांचा परिसर आहे. पुणे विद्यापीठातलं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र मला फार मोलाचं वाटतं, जात आणि बाईपण तिथं एकत्र शिकवतात. नाव बघून जाऊ नका. क्षेत्रकार्य किती दिवस आणि कुठं, हे तिथल्या मुलांना विचारा. आठवड्यातले दोन दिवस वस्तीत पाय लागत नसतील तर ती पदवी घेऊ नका.

नोकरी लागते. संस्था, बचत गटांच्या उमेदसारखी सरकारी अभियानं, कंपन्यांचे सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचे विभाग, आणि नेट ही पात्रता परीक्षा झालात तर प्राध्यापकी, जिथं भरती अडून असते. बहुतेक जागा कंत्राटी. माझा पहिला पगार १८ हजार होता, करार अकरा महिन्यांचा. घरात तुम्ही एकटे कमावते होणार असाल तर माझं सगळं वरचं बाजूला ठेवा आणि आधी पगार बघा. कर्ज काढून तर हा विषय शिकूच नका. इंग्रजीचंही सांगते: पहिले चार महिने मला वर्गात अर्धंच कळायचं आणि त्या दिवसांत मी दोनदा बॅग भरली होती.

पैशाचं: अनुसूचित जातीत असाल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६० हजार. माझ्या वेळी ती नव्हती. रक्कम उशिरा येते, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांची सोय करूनच निघा.

दादाची थोरली यंदा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा तिनं फोनवर तुमचाच प्रश्न विचारला, आणि मागून दादाचा आवाज आला, तोच. मी तिला उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता आत्ताच काढून ठेवायला सांगितलंय. तुम्हीही काढा, जूनमध्ये दाखल्यासाठी तहसीलला उभं राहायला जागा नसते.