वर्षभर टायमिंग अडकलंय, मग स्विमिंग बंद करायचं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी चौदाची, नववीत, दोन वर्षांत शंभर मीटर फ्रीस्टाईलचं टायमिंग 1:20 (एक मिनिट वीस सेकंद) वरून 1:07 वर धडाधड उतरलं आणि आता वर्ष झालं ते तिथेच अडकलंय, त्यात पुण्यात बालेवाडीला स्टेटच्या स्पर्धेला गेली तर 1:09 लागला, कोच म्हणतात आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ प्रॅक्टिसला पाठवा आणि घरचे म्हणतात दहावी तोंडावर आलीय, पुरे झालं.

आधी त्या 1:09 चं बघू, कारण सगळ्यांचा धीर तिथेच सुटलाय. तुमच्या क्लबचा पूल 25 मीटरचा, बालेवाडीचा 50 चा. लहान पुलात शंभरला भिंतीशी वळायचे तीन टर्न मिळतात, मोठ्यात एकच, आणि प्रत्येक टर्नला भिंतीला पाय मारून जो वेग मिळतो तो हातापायांनी कमवावा लागत नाही. शिवाय क्लबात सर स्टॉपवॉच धरतात, शिट्टी ऐकून अंगठा दाबेपर्यंत थोडा वेळ जातोच, तेवढा टाइम कमी दिसतो, स्पर्धेत भिंतीवर टचपॅड असतो, हात लागला की घड्याळ आपोआप थांबतं, त्याला ती सवलत नाही. म्हणजे हा 1:09 तिच्या 1:07 पेक्षा वाईट नाहीच, कदाचित चांगलाच असेल. 25 आणि 50 चे टाइम वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहा, एकमेकांशी ताडून बघूच नका.

आता अडकण्याबद्दल. बारा-तेरापर्यंत उंची वाढतेय, हात लांब होतायत, टेक्निक नवीन आहे, त्यामुळे प्रत्येक मीटला दोन-तीन सेकंद सहज निघतात आणि आपल्यालाही त्याची सवय होते. नंतर मुलींचं शरीर बदलतं, वजन वेगळ्या ठिकाणी बसतं, पाण्याचा फील बिघडतो, आणि त्याच वयात मुलांना जशी आपोआप ताकद येते तशी मुलींना येत नाही, ती ड्रायलँडवर, म्हणजे पाण्याबाहेरच्या व्यायामात कमवावी लागते. म्हणून बरोबरचे मुलगे पुढे निघून जातात आणि पोरीला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. चुकत नाहीये. इथून पुढे सुधारणा सेकंदाच्या दशांशात होते आणि ती दुसरीकडे शोधायची असते.

म्हणजे कुठे, तर गॅलरीत बसता तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून एका लेंग्थला ती किती स्ट्रोक मारते ते मोजा. तोच टाइम दोन स्ट्रोक कमी मारून आला तर ती सुधारलीय, घड्याळ काहीही म्हणो. टर्नच्या अगदी आधी श्वास घ्यायला डोकं काढते का, भिंत सोडल्यावर स्ट्रीमलाइनमध्ये, म्हणजे हात पुढे जोडून अंग ताणून, किती लांब जाते, शेवटच्या पाच मीटरला मान वर करून भिंत शोधते का, हेही बघा. पण बघून कोचशी बोला, गाडीत घरी येताना तिच्याशी नको, प्लीज.

दोन वेळच्या प्रॅक्टिसला माझा सरसकट विरोध नाही, पण सरांना एवढं विचारा की वाढीव तासात नेमकं काय करणार. नुसते मीटर वाढवणार असतील तर या वयात खांदे धरतात. टर्न, किक, ड्रायलँड असेल तर आठवड्यातून दोन दिवस जादा पुरे.

दहावीसाठी पूर्ण बंद मात्र करू नका, वर्षभर पाण्याबाहेर राहिलं की परत यायला फार जड जातं. आठवड्याला चार दिवस, एकच वेळ, बोर्डाच्या आधी आणखी कमी. स्टेट-नॅशनलच्या कामगिरीवर दहावीला क्रीडा गुण मिळतात, नियम शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडून आत्ताच समजून घ्या.

करिअरचं स्पष्ट सांगते, नुसत्या पोहण्यावर पोट भरणारे आपल्याकडे मोजकेच. पण महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वेत, पोलिसांत भरती होते, शिवाय कोचिंग, फिजिओ, स्पोर्ट्स सायन्सची वाट आहेच. कोल्हापूरचा स्विमर वीरधवल खाडे बघा, 2008 ला सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक, 2010 च्या एशियन गेम्सला ब्राँझ, मग तहसीलदाराची नोकरी आणि पूल मागे पडला, तरी 2018 च्या एशियन गेम्सला 50 फ्रीस्टाईलमध्ये चौथा आला, ब्राँझ फक्त 0.01 सेकंदाने हुकलं. त्याच्यासारखं सगळ्यांचं होईल असं नाही, पण चौदाव्या वर्षीचा टाइम बघून कुणाचाच निकाल लावता येत नाही.

आणि एक, पाळी सुरू झाल्यापासून ती लवकर दमते असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, तिचं हिमोग्लोबिन याच आठवड्यात तपासून घ्या. कमी निघालं तर हे सगळं बाजूला, आधी डॉक्टर.